फवारणीचे विष आणि ग्रामीण वैद्याचे कर्तव्य

काही वर्षांपूर्वी भाद्रपदातील एका दुपारी उरणच्या पूर्व भागातील एक शेतकरी आमच्या चिकित्सालयात आले. उलट्या, अतिस्वेद, लालास्राव व मस्तकशूल ही लक्षणे पाहून पित्तप्रकोपाची औषधयोजना आम्ही लिहावयास घेतली होती. तेवढ्यात डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झालेल्या दिसल्या आणि नाडी मंद लागली. तेव्हा आम्ही विचारले, "आज सकाळपासून काय काम केलेत?" उघड्या अंगाने भातावर फवारणी केली होती. त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठविले व ते वाचले. परंतु जो प्रश्न सर्वप्रथम विचारावयाचा तो आम्ही शेवटी विचारला, ही रुखरुख राहिली. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेच आहे.

विषाची ओळख

शेतकरी कीटकनाशकास 'औषध' म्हणतात आणि त्या शब्दामुळेच भीती नाहीशी होते. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट वर्गातील द्रव्ये ॲसिटिलकोलिनइस्टरेज या विकराचे कार्य थांबवितात. परिणामी लाळ, अश्रू व घाम वाढतो, बाहुल्या आकुंचित होतात, श्वासनलिकेत स्राव साचतो, स्नायू फडफडतात. ही द्रव्ये प्यावीच लागतात असे नाही. त्वचा व श्वास यांवाटेही ती शरीरात शिरतात. इ. स. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्यापर्यंत वाढलेले पीक, अनेक द्रव्यांचे एकत्र मिश्रण व संरक्षक साधनांचा अभाव ही त्यामागची कारणे पुढे आली.

शास्त्र आणि मर्यादा

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात दूषीविषाचे वर्णन आहे. क्षीणवीर्य होऊन शरीरात राहिलेले विष अनुकूल काळ मिळताच पुन्हा प्रकुपित होते. वर्षानुवर्षे अल्प मात्रेत होणाऱ्या संपर्काचा विचार करताना ही संकल्पना मार्गदर्शक ठरते. तथापि साम्य म्हणजे सिद्धता नव्हे.

तीव्र विषबाधेत अधिक सावधगिरी हवी. चरकांनी विषचिकित्सेत सांगितलेल्या चोवीस उपक्रमांत वमन येते, म्हणून येथे वमन देण्याचा मोह होतो. अनेक द्रवरूप कीटकनाशकांत खनिज तेलजन्य द्रावक असतात. वमनाने ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दूध, तूप किंवा तेलही पाजू नये. दूषित कपडे उतरवावेत, केस व नखांसह सर्वांग साबण-पाण्याने धुवावे, डोळ्यांत विष गेले असल्यास ते पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. बेशुद्ध रुग्णास कुशीवर निजवावे, १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी व बाटली अथवा तिचे लेबल सोबत द्यावे. ॲट्रोपिनादी उपचार रुग्णालयातच होतात.

कीड-नियंत्रणाचा मार्ग

खरा उपाय फवारणी कमी करणे हाच होय. इंडोनेशियात १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी आली. कारण, फवारणीने कोळ्यांसारखे मित्रकीटक मरून तपकिरी तुडतुडे उलट वाढत होते. तेथे १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा बांधावर भरू लागल्या. आपल्याकडेही कृषी विभाग शेतीशाळा घेतो. त्यातील मूळ शिकवण अशी की, दर आठवड्याला चुडे तपासून कीड व मित्रकीटक मोजावेत आणि मगच निर्णय घ्यावा. खोडकिडीसाठी रोपांचे शेंडे खुडून लावणी करावी, म्हणजे त्यांवरील अंडीपुंज नष्ट होतात. कामगंध सापळे लावावेत. साधारण पाच टक्के फुटव्यांत गाभेमर दिसेपर्यंत रासायनिक फवारणीची घाई करू नये.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपण तरी पसरवू नये. दशपर्णी अर्कात रुई, कण्हेर, धोतरा वापरतात आणि आपल्या शास्त्रात या तिन्हींची गणना उपविषांत होते. तो अर्क ढवळतानाही हातमोजे हवेत.

फवारणी अटळ असेल तर डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा; लाल सर्वांत विषारी, नंतर पिवळा, निळा व हिरवा. पूर्ण बाह्यांचे कपडे, मुखपट्टी व बूट घालावेत, वाऱ्याच्या दिशेनेच चालावे, तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू नये. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत. रिकाम्या डब्यांत पाणी वा धान्य ठेवू नये. खेकड्यांसाठी शिजवलेल्या भातात विष मिसळून आमिष करतात. ते मुले व जनावरांपासून दूर ठेवावे. भातशेतीत परिचित असलेल्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी माळ्यावर जुनी पिशवी उरली असेल तर ती वापरू नये व कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

वैद्यबंधू-भगिनींस आमची विनंती इतकीच की, ज्येष्ठात पेरणीपूर्वी गावात अर्धा तास या विषयास द्यावा, आणि श्रावण-भाद्रपदात प्रत्येक रुग्णपत्रकावर पहिला प्रश्न लिहावा, "फवारणी केली होती का?"