टाकी तुंबायची वाट का पाहायची?

सेप्टिक टाकी तुंबली की मैलागाडी बोलवायची, ही आपली रीत. पण तळाशी गाळ वाढला की सांडपाण्याला निवळायला वेळच मिळत नाही आणि टाकी तुंबण्याच्या कितीतरी आधी घाण गटारात जाऊ लागते. म्हणूनच वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी दर 3 वर्षांनी, ठरल्या क्रमाने टाक्या उपसण्याची पद्धत आणली आणि देखरेखीसाठी ‘सॅनिट्रॅक’ अ‍ॅप वापरले. कोणाची टाकी उपसली, मैला प्रक्रिया केंद्रात पोचला का, याची नोंद त्यात राहते. लहान गावाला अशा नोंदीचा खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. मात्र नोंदच नसेल तर मैला ओढ्यात ओतणारा ठेकेदार सापडणार कसा? त्याचे बिल नोंद पाहूनच निघावे. आपल्या नगरपरिषदेकडे अशी नोंद जरूर मागा.