विश्लेषण : सॉफ्टवेअर विकत, पण त्याची माहिती कुलपात? खुल्या डॉक्युमेंटेशनचा सोलापूरला उपयोग काय?

सोलापुरातील आयटी पार्कची चर्चा सहसा जागा, इमारती आणि विमानसेवा यांभोवती फिरते. पण गावात राहून मोठ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरवर काम करायचे, तर आणखी एक गोष्ट लागते. त्या सॉफ्टवेअरशी जोडणी कशी करायची, याची तांत्रिक माहिती वाचायला मिळाली पाहिजे. काही कंपन्या ही माहिती सर्वांसाठी खुली ठेवतात, तर काही ती ग्राहक आणि अधिकृत भागीदारांपुरती राखून ठेवतात. हा फरक वरवर किरकोळ वाटला, तरी काम कोणाला मिळणार, खर्च किती येणार आणि उद्योजकाच्या स्वतःच्या नोंदींवर ताबा कोणाचा राहणार, हे त्यावरच ठरते.

विकासकांसाठीचे डॉक्युमेंटेशन म्हणजे काय?

कोणत्याही व्यावसायिक सॉफ्टवेअरसोबत दोन प्रकारची माहिती असते. पहिली वापरणाऱ्यासाठी : बिल कसे करायचे, अहवाल कसा काढायचा, चूक झाली तर काय करायचे. दुसरी विकासकांसाठी, म्हणजे त्या सॉफ्टवेअरला दुसरे सॉफ्टवेअर जोडणाऱ्यांसाठी. एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची किंवा त्याला काम सांगण्याची जी ठरलेली पद्धत असते, तिला एपीआय म्हणतात. विनंती कोणत्या पत्त्यावर पाठवायची, त्यात कोणते रकाने हवेत, तारीख कशी लिहायची, उत्तर कोणत्या स्वरूपात येईल आणि चूक झाल्यास कोणता संकेतांक मिळेल, हे सारे या डॉक्युमेंटेशनमध्ये असते. ते हाती नसेल, तर निष्णात प्रोग्रामरलाही अंधारात चाचपडावे लागते.

सोलापूरच्या उद्योगांशी याचा संबंध कसा येतो?

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्ही उत्पादनांना भौगोलिक मानांकन आहे. यंत्रमाग आणि टॉवेलचे कारखाने, तयार कपड्यांचे व्यवसाय, जिल्ह्यातील साखर कारखाने अशा सर्वांचे हिशेब आता संगणकावर आहेत. यातील अनेकांना खुल्या डॉक्युमेंटेशनचा लाभ नकळत मिळतो आहे. जीएसटीचे ई-इनव्हॉइस हे त्याचे जवळचे उदाहरण.

१ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. म्हणजे वर्षाला सहा कोटींचे टॉवेल घाऊक व्यापाऱ्यांना विकणारा कारखानदारही तिच्या कक्षेत आला. त्याचे प्रत्येक बिल ठरावीक स्वरूपात नोंदणी पोर्टलवर जाते. तेथून ६४ अक्षरांचा ओळख क्रमांक आणि स्वाक्षरीयुक्त क्यूआर कोड परत येतो. बिलाचा हा नमुना सरकारने अधिसूचित केलेला आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) एपीआयचे तपशील आणि चाचणीची सोय संकेतस्थळावर दिली आहे. प्रत्यक्ष जोडणीसाठी नोंदणी आणि चाचणी करावी लागते, अनेकांना जीएसटी सुविधा पुरवठादारामार्फत जावे लागते. पण कोणते रकाने लागतात आणि कोणती चूक का येते, हे वाचण्यासाठी कोणाचा भागीदार व्हावे लागत नाही. त्यामुळे जुन्या बिलिंग प्रोग्रामला ई-इनव्हॉइसची जोड देण्याचे काम सोलापुरातील छोट्या सॉफ्टवेअर व्यावसायिकालाही करता येते.

डॉक्युमेंटेशन बंद असेल तर काय होते?

समजा, एखाद्या कारखान्यात उत्पादन आणि साठ्याच्या नोंदी एका सॉफ्टवेअरमध्ये, कामगारांची हजेरी दुसऱ्यात आणि हिशेब तिसऱ्यात आहेत. मालकाला हे तिन्ही जोडायचे आहेत. एका सॉफ्टवेअरचे एपीआय डॉक्युमेंटेशन फक्त अधिकृत भागीदाराला दिसत असेल, तर काम त्या भागीदाराकडेच जाते. तो पुण्यात किंवा मुंबईत असेल, तर येण्याजाण्याचा खर्च आणि वाट पाहणे आलेच. दुसरा दर मागवता येत नाही, त्यामुळे मिळालेला दर रास्त आहे की नाही हेही कळत नाही.

मग अनेक ठिकाणी जो मार्ग काढला जातो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. एका सॉफ्टवेअरमधून एक्सेल फाइल काढायची आणि दुसऱ्यात माणसाने पुन्हा टाइप करायची. यात वेळ जातो आणि चुका शिरतात. सर्वात मोठी अडचण सॉफ्टवेअर बदलताना येते. नोंदी कारखान्याच्या असतात, पण त्या पूर्ण स्वरूपात बाहेर कशा काढायच्या हे फक्त विक्रेत्याला माहीत असते.

कोणत्या कंपन्यांची कोणती माहिती खुली आहे?

चित्र सरसकट काळे-पांढरे नाही. जर्मनीच्या सॅपचे मदत पोर्टल आणि एबॅप या तिच्या प्रोग्रामिंग भाषेचा संदर्भ कोणालाही वाचता येतो. एपीआयची सूचीही पाहता येते. मात्र विशिष्ट अडचणींवरील उपायांच्या ‘सॅप नोट्स’ पाहण्यासाठी सहसा ग्राहक किंवा भागीदार म्हणून मिळालेले खाते लागते. ओरॅकलच्या उत्पादनांची पुस्तके खुली आहेत, पण तिचे सपोर्ट पोर्टल देखभाल करार असलेल्यांसाठी आहे. सेल्सफोर्स आणि सर्व्हिसनाऊ या कंपन्या एक पाऊल पुढे गेल्या आहेत. त्या डॉक्युमेंटेशनबरोबर सरावासाठी मोफत विकासक खातेही देतात.

भारतातील ठळक उदाहरण टॅलीचे. बेंगळूरुच्या या कंपनीच्या टीडीएल या भाषेचा संदर्भ तिच्या संकेतस्थळावर आहे. बाहेरच्या प्रोग्रामला एक्सएमएलच्या साहाय्याने टॅलीशी कसे बोलता येते, तेही दिलेले आहे. व्यापाऱ्याला हवा तसा बिलाचा नमुना किंवा अहवाल ‘टीडीएल’ करून देणारे लहान व्यावसायिक उभे राहण्यास या मोकळीकीने हातभार लावला आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट तर मुक्तस्रोत आहे. त्याचे डॉक्युमेंटेशनच नव्हे, मूळ कोडही वाचता आणि बदलता येतो.

म्हणजे प्राथमिक माहिती बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी खुली केली आहे. बंद राहते ती मुख्यतः अडचणी सोडवण्याची माहिती. विशिष्ट उद्योगासाठी बनलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये तर मुळात व्यवस्थित लिहिलेले डॉक्युमेंटेशनच अनेकदा नसते.

कंपन्या ही माहिती राखून का ठेवतात?

त्यांची काही कारणे रास्त आहेत. अर्धवट माहिती वाचून कोणी चुकीची जोडणी केली, तर तक्रार मूळ कंपनीकडेच येते. खुले डॉक्युमेंटेशन सतत अद्ययावत ठेवावे लागते आणि त्यासाठी माणसे लागतात. प्रतिस्पर्ध्याला उत्पादनाची रचना कळेल, ही भीतीही असते. सुरक्षेचे कारण मात्र तपासून घ्यावे लागते. पासवर्ड, गुप्त किल्ल्या किंवा न बुजवलेल्या त्रुटी उघड करू नयेत, हे खरेच. पण विनंतीत कोणते रकाने असतात हे कळल्याने नीट बांधलेली यंत्रणा असुरक्षित होत नाही. ई-इनव्हॉइसचा नमुना सर्वांना माहीत असला, तरी ओळख पटवल्याशिवाय कोणालाही दुसऱ्याच्या नावाने बिल नोंदवता येत नाही.

याखेरीज व्यापारी कारण असतेच. प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि भागीदारी यांतून कंपन्यांना उत्पन्न मिळते. जोडणी अवघड राहिली, की ग्राहक सहजासहजी सोडून जात नाही.

मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत काय घडले होते?

या विषयातील सर्वात गाजलेला वाद युरोपात झाला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज संगणकांशी इतर कंपन्यांच्या सर्व्हरना नीट संवाद साधता यावा, यासाठी लागणारी माहिती कंपनी देत नाही, असा आक्षेप होता. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने कंपनीला सुमारे ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि ती माहिती १२० दिवसांत उघड करण्यास सांगितले. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा निर्णय मुख्यत्वे कायम ठेवला. त्यानंतर ही माहिती १० हजार युरोंच्या एकरकमी शुल्कात देण्याचे कंपनीने मान्य केले. विंडोजशी फाइल आणि प्रिंटरची देवाणघेवाण करणाऱ्या ‘सांबा’ या मुक्तस्रोत प्रकल्पासाठी एका संस्थेने ते शुल्क भरले.

फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःहून ३० हजारांहून अधिक पानांचे डॉक्युमेंटेशन संकेतस्थळावर मोफत ठेवले. आधी यातील बरीच माहिती व्यापारी गुपित म्हणून परवान्याखालीच मिळत असे. आधीच्या काळात अवाजवी शुल्क मागितल्याबद्दल त्याच महिन्यात ८९.९ कोटी युरोंचा आणखी एक दंड झाला. पुढे २०१२ मध्ये तो ८६ कोटींवर आला. गुपिते उघड झाल्याने कंपनी बुडाली नाही. आज तिचे बरेचसे तांत्रिक डॉक्युमेंटेशन खुल्या परवान्याखाली आहे.

भारतातील कायदा काय सांगतो?

खासगी कंपनीने विकासकांसाठीचे डॉक्युमेंटेशन सर्वांना खुले करावे, अशी सर्वसाधारण सक्ती भारतात नाही. मात्र कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(एबी) महत्त्वाचे आहे. सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याने, स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जोडण्यासाठी अत्यावश्यक माहिती मिळवण्याकरिता आवश्यक ती कृती केली, तर ते कॉपीराइटचे उल्लंघन ठरत नाही. अट अशी, की ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. म्हणजे कायद्याने शोधण्याची मुभा दिली आहे, पण सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर टाकलेले नाही. शिवाय खरेदी करारातील अटींचा प्रश्न वेगळा उरतो.

सरकारी यंत्रणांसाठी केंद्राने २०१५ मध्ये खुल्या एपीआयचे धोरण आणले. ओएनडीसी आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशन यांचे तांत्रिक तपशीलही सार्वजनिक आहेत. युरोपीय संघ आणखी पुढे गेला आहे. १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या तेथील डेटा कायद्यानुसार क्लाउडवरील सॉफ्टवेअर देणाऱ्यांना, ग्राहकाला दुसरीकडे जाणे सोपे व्हावे म्हणून जोडणीचे खुले मार्ग विनाशुल्क द्यावे लागतात.

वाचायला खुले म्हणजे वापरायला मोफत?

नाही, आणि इथे सावध राहायला हवे. डॉक्युमेंटेशन वाचण्याची मुभा आणि एपीआय वापरण्याचा परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये मद्य उत्पादक डिआजिओ कंपनीने आपले विक्री प्रतिनिधी आणि ग्राहक वापरत असलेल्या दोन प्रणाली सॅपला जोडल्या होत्या. त्या माध्यमातून सॅपचा अप्रत्यक्ष वापर झाल्यानेही परवाना शुल्क लागू होते, असा निकाल फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने दिला. सॅपचा दावा ५.४ कोटी पौंडांहून अधिक रकमेचा होता. म्हणून जोडणी तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे हे कळल्यावर परवान्याची अट वाचणेही तितकेच आवश्यक ठरते.

विद्यार्थ्यांना यातून काय मिळते?

वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या महाविद्यालयांतून आणि विद्यापीठातून शिकून बाहेर पडणाऱ्या अनेकांना पहिली नोकरी पुणे किंवा हैदराबादची शोधावी लागते. मोठ्या व्यावसायिक प्रणालीची माहिती फक्त नोकरीत गेल्यावरच मिळणार असेल, तर अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र सुटत नाही. खुले डॉक्युमेंटेशन आणि मोफत सराव खाते असेल, तर घरी बसून खरी जोडणी करून दाखवता येते.

भाषेचा मुद्दाही आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांतून आलेली मुले आहेत आणि डॉक्युमेंटेशन बहुतांशी इंग्रजीत असते. खुल्या परवान्याखालील मजकूर शिक्षकाला भाषांतरित करून वर्गात देता येतो. लॉगिनमागच्या मजकुराबाबत तसे करणे कराराचा भंग ठरू शकते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरतानाही हाच फरक जाणवतो. जी माहिती सार्वजनिक आहे, तिच्याबद्दलचे उत्तर मूळ पानाशी ताडून पाहता येते. बंद प्रणालीबद्दल ही साधने ठोकून दिलेली उत्तरेही आत्मविश्वासाने देतात आणि ती तपासायला काही हाताशी नसते.

उद्योजकांनी खरेदीपूर्वी काय विचारावे?

कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे खरेदीच्या वेळी प्रश्न विचारणे. एपीआय आहे का? त्याचे डॉक्युमेंटेशन आजच, पैसे देण्याआधी पाहता येईल का? आमच्या पसंतीच्या विकासकाला ते देता येईल का? चाचणीसाठी वेगळी प्रत मिळेल का? जोडणीसाठी वेगळे शुल्क आहे का? करार संपल्यावर सर्व नोंदी कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळतील? ही उत्तरे तोंडी न घेता करारात लिहून घ्यावीत.

एकट्या छोट्या कारखानदाराचे विक्रेता ऐकेलच असे नाही. पण एकाच उद्योगातील अनेकजण एकच सॉफ्टवेअर वापरत असतील, तर त्यांच्या संघटनेने ही अट एकत्रितपणे घालणे शक्य आहे. महापालिका, सहकारी बँका आणि साखर कारखाने यांनाही आपल्या निविदांमध्ये ती टाकता येईल. सौदा होईपर्यंत ग्राहकाचा शब्द चालतो. पैसे भरून नोंदी आत गेल्या, की विक्रेत्याचा चालतो.