हुतूतूचा मालक कोण?

फक्की मारून आखलेलं मैदान, बांबूला बांधलेले हॅलोजन आणि लाउडस्पीकरवर बक्षिसाची रक्कम दर पाच मिनिटांनी सांगणारा निवेदक. हिवाळ्यात अमरावती-अकोला पट्ट्यात फिरलं की असा रात्रीचा सामना कुठे ना कुठे भेटतोच. अशाच एका मैदानाच्या कडेला शेजारी बसलेल्या आजोबांनी मला विचारलं होतं, "टीव्हीवर पुण्याचा संघ हाय, पाटण्याचा हाय. आपला काहून नाही बाप्पा? आपल्या पोट्ट्यांचा दम कमी पडते का?"

दम कमी पडत नाही, एवढं तेव्हाही ठाऊक होतं. बाकीचं उत्तर शोधताना मात्र मी चक्रावून गेलो.

मुळात हा प्रश्न वऱ्हाडात विचारला जावा, हीच गंमत आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते उभं केलं. १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक भरलं, तेव्हा मंडळाचं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला तिकडे गेलं आणि त्यात कबड्डीही होती. आजच्या भाषेत कबड्डीचं 'ग्लोबल लाँचिंग' म्हणायचं, तर ते अमरावतीच्या आखाड्यातून झालं.

पण तेव्हा 'कबड्डी' म्हणजे नेमकं काय, हेच सगळीकडे सारखं नव्हतं. आपल्याकडे हुतूतू. त्यातही प्रकार तीन: संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन परत येतो. गामिनीत बाद झालेला अख्खा संघ संपेपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये तर कुणी बाहेर जातच नाही, नुसते गुण लिहायचे. म्हणजे एका गावातला मेलेला दुसऱ्या गावात जिवंत, आणि तिसऱ्या गावात त्याला मरणच नाही! अशा दोन गावांची गाठ पडली तर सामन्याआधी भांडणच व्हायचं.

राष्ट्रीय संघटनेचं पहिलं काम हे असतं. चषक आणि पुष्पगुच्छ नंतर येतात, आधी अकोल्यातला गडी जिथे बाद, तिथेच कोलकात्यातलाही बाद झाला पाहिजे. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, दोन वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आणि संजीवनीची पद्धत देशभर रुळली. आजच्या कारभाऱ्याचं नाव आहे 'अ‍ॅमेच्युअर कबड्डी फेडरेशन ऑफ इंडिया', म्हणजे हौशी कबड्डी महासंघ. यातला 'हौशी' शब्द ध्यानात ठेवा.

महासंघाची रचना आपल्या पंचायत राजसारखी आहे. तळाला क्लब आणि मंडळं, त्यांच्यावर जिल्हा संघटना, जिल्ह्यांवर राज्य संघटना, आणि राज्यांच्या मतांवर निवडून येणारा राष्ट्रीय महासंघ. त्याच्यावर आशियाई आणि आंतरराष्ट्रीय संघटना. फुटबॉलचाही सांगाडा हाच, शिखरावर फिफा. इथे आपल्याकडची एक मजा सांगतो. वेगळा विदर्भ अजून कागदावर आला नाही, पण कबड्डीच्या राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. क्रिकेटच्या रणजी करंडकातही तसंच. फुटबॉलने मात्र ही मागणी मनावर घेतलेली नाही. तिथे नागपूरसुद्धा मुंबईच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनखालीच येतं.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि याच झाडावर एक वेगळंच कलम बांधलं गेलं.

ही लीग महासंघाची नाही. ती मशाल स्पोर्ट्स या कंपनीची. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांनी ती काढली, आणि २०१५ मध्ये स्टार इंडियाने तिचा ७४ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे सामना भरवणारा आणि सामना दाखवणारा एकाच घरातला. महासंघाने द्यायची ती मान्यता. वाचायला हा शब्द किरकोळ वाटतो, पण मान्यतेवाचून काय होतं ते क्रिकेटने पाहिलंय. २००७ साली झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली, बीसीसीआयने तिच्यातल्या खेळाडूंवर बंदी घातली आणि दोन वर्षांत खेळ आटोपला. व्यावसायिक कबड्डीला खेळाडू हवेत, खेळाडू महासंघाच्या नोंदवहीत, आणि त्या महासंघाच्या नावात 'हौशी'. हौशी संघटनेच्या शिक्क्यावर कोट्यवधींचा धंदा!

जगात ही घडी निरनिराळ्या तऱ्हेने बसवलेली आहे. आयपीएल बीसीसीआयचीच, घरची शेती. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे मालक खुद्द क्लब: वीस क्लब, प्रत्येकाचा एक शेअर, आणि मोठ्या निर्णयाला चौदा मतं लागतात. हंगाम संपला की खाली घसरलेले तीन क्लब आपले शेअर वर आलेल्या तिघांच्या हाती देतात. आपल्या सहकारी कारखान्याच्या सभासदाला हे चटकन उमजेल. भारतीय फुटबॉलने आणखी वेगळा मार्ग धरला. महासंघाने २०१० साली व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटींच्या करारावर दिले, आणि त्यातून पुढे इंडियन सुपर लीग उभी राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये मुदत संपायची होती आणि पुढचं ठरलेलं नव्हतं, तर त्या वर्षीचा हंगामच अडकून पडला. मैदानं होती, गडी होते, चेंडूही होता. संपला होता तो फक्त मक्ता.

कबड्डीत उलटं झालं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाच्या पदाधिकाऱ्यांना दूर करून प्रशासक नेमला, आणि निवडून आलेल्या मंडळाच्या हाती कारभार सोपवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून यायला फेब्रुवारी २०२५ उजाडलं. या काळात लीगचे सहा हंगाम पार पडले. झाडाचं खोड कोर्टात आणि कलमाला मात्र फळं!

ही फळं धरतात कशी, ते लिलावात कळतं. खेळाडूंचे अ, ब, क, ड असे गट. २०२३ च्या लिलावात 'अ' गटाची बोली ३० लाखांपासून सुरू होत होती, 'ड' गटाची ९ लाखांपासून. तुमच्या जुन्या गड्यावर दुसऱ्याने शेवटची बोली लावली, तर तेवढीच रक्कम मोजून त्याला परत घेण्याचं कार्डही मिळतं. आणि सगळ्यात महत्त्वाची थैली: प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ५ कोटी. श्रीमंत मालकाचेही हात बांधलेले. यात धर्मादाय काही नाही, एकतर्फी सामना टीव्हीवर कोण बघणार, एवढाच हिशेब. २०१४ मध्ये सगळ्यात महाग राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले, म्हणजे निम्म्याहून अधिक थैली एकाच गड्यावर रिकामी. त्या हंगामात टायटन्स बारा संघांत बारावे आले. जिंकली पुणेरी पलटण.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. फुटबॉलमध्ये क्लब चढतो. २०२३ मध्ये आय-लीग जिंकून पंजाबचा क्लब सुपर लीगमध्ये आलाच की. प्रो कबड्डीत संघ चढत नाही, तो विकत घेतला जातो. दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या मंडळाने विदर्भातल्या झाडून सगळ्या स्पर्धा मारल्या, तरी लीगचं दार त्याला उघडणार नाही. वर जाईल तो एकटा गडी. क्रिकेटमध्ये हे दिसलंच आहे: अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ ची आयपीएल जिंकणाऱ्या बंगळुरूकडून खेळला, अकोल्याचा अथर्व तायडे पंजाबकडून. माणूस वऱ्हाडातला, जर्सी परक्या शहराची. मला ही रचना पटत नाही. तेरा बाय दहा मीटरच्या खेळात, जिथे सात जण हात धरून साखळी करतात, तिथे वर जायची शिडी मात्र एकट्याची.

लीगच्या बारा संघांत महाराष्ट्राचे दोन, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. विदर्भाचा एकही नाही, आणि कुणी पैसेवाला पुढे आल्याशिवाय होणारही नाही. तोवर गावातल्या ज्या पोट्ट्याची चढाई बघून तुम्ही उभे राहून टाळ्या पिटता, त्याच्या घरच्यांना एवढं तरी सांगा: बॅनरवरच्या बक्षिसाच्या आकड्याआधी जिल्हा संघटनेत त्याचं नाव नोंदवा आणि निवड चाचणीची तारीख विचारून ठेवा.