टपालाचं सॉफ्टवेअर बदलतं तेव्हा

मंडळी, विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल की टपाल खात्याने सॉफ्टवेअर बदललं तर ते पोस्टमास्तर बघतील, आपल्याला काय त्याचं? महिन्याला दोन पत्रं टाकणाऱ्याला खरंच काही नाही. पण इथे पतसंस्थेची माणसं आहेत, देवस्थानाचा प्रसाद भक्तांना पाठवणारे आहेत, काजू-कोकमाची पार्सलं करणारे आहेत. एका वेळी शंभर-दोनशे जिन्नस पोस्टात नेणाऱ्याच्या कचेरीचा एक भाग पोस्टाच्या सॉफ्टवेअरला जोडलेला असतो. तिकडे बदल झाला की इकडे काहीतरी अडतंच.

आधी थोडा इतिहास. संगणक आल्यावर पोस्टाच्या खिडकीवर बरीच वर्षं 'मेघदूत' नावाचं सॉफ्टवेअर चाललं. निरोप नेणाऱ्या ढगाचं नाव, सरकारी नावांत इतकं नेमकं नाव क्वचित सापडतं. त्यानंतर बाहेरच्या कंपन्यांकडून घेतलेली मोठी प्रणाली आली. २०१७ च्या डिसेंबरात 'दर्पण' योजना सुरू झाली आणि खेड्यांतल्या शाखा डाकघरांच्या हातात यंत्रं आली. आणि आता 'एपीटी', म्हणजे ॲडव्हान्स्ड पोस्टल टेक्नॉलॉजी. ही खात्याने स्वतः, म्हैसूरच्या आपल्या केंद्रात बनवली. मे-जून २०२५ मध्ये कर्नाटकात चाचणी झाली, मग टप्प्याटप्प्याने एकेक सर्कल जोडत ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत देश पुरा झाला. सुमारे १ लाख ६५ हजार डाकघरं. चालत्या गाडीचं इंजिन बदलण्यासारखं काम आहे हे, आणि त्याला सरसकट नावं ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

पण वेळ बघा. ४ ऑगस्टला शेवटचा टप्पा आणि ९ ऑगस्टला राखीपौर्णिमा! नवी प्रणाली सुरू करण्याआधी त्या त्या ठिकाणी एक दिवस व्यवहार बंद ठेवले होते, त्याच्या सूचनाही आल्या होत्या. तरी पहिल्या दिवसांत अनेक ठिकाणी सर्व्हर मंदावला, रांगा लागल्या. राखी दोन दिवस उशिरा पोचली तर बहीण रागावेल, आणखी काय होणार? पण पतसंस्थेचं उदाहरण घ्या. कर्जदाराचा चेक न वटता परत आला. बँकेकडून ते कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, कलम १३८ चं प्रकरण त्यावर उभं राहतं. आपल्याकडे अशी नोटीस अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या दिवशी टाकायची पद्धत आहे. (हशा) हसू नका, वकीलसाहेबही तेच करतात. त्या दिवशी व्यवहार बंद असले किंवा बुकिंग झालंच नाही, तर पैसे अडकले ते अडकले. म्हणून पोस्टाची 'अमुक दिवशी व्यवहार बंद' ही सूचना ज्या दिवशी दिसेल, त्याच दिवशी मुदतीच्या नोटिसांची यादी काढायची. बंदच्या दिवसाच्या आधीचे चार आणि नंतरचे चार दिवस त्यातलं काही टाकायचं नाही, सगळं त्याच्या आधी उरकायचं.

दुसरा बदल सॉफ्टवेअरपेक्षा मोठा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात विलीन झाली. सरकारी कचेऱ्या, न्यायालयं आणि आपल्यासारखे मोठ्या संख्येने टपाल टाकणारे, सगळ्यांना त्या तारखेपर्यंत आपापले नमुने बदलायला सांगितलं होतं. तरी 'रजि. ए. डी.' छापलेली पाकिटं अजून कपाटात आहेत, हो ना? मग स्पीड पोस्टाच्या दरात १ ऑक्टोबरपासून बदल झाला. ५० ग्रॅमपर्यंतच्या कागदपत्रांना स्थानिक १९ रुपये, बाहेरगावी कुठेही ४७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. 'रजिस्ट्रेशन' हवं असेल तर आणखी ५ रुपये आणि त्यावर कर.

हे ५ रुपये वाचवू नका. नुसतं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं, घरात जो असेल तो घेतो. रजिस्ट्रेशन घेतलं तर ते ज्याच्या नावाचं त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हातात द्यायचं असतं. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ चं कलम २७ नोटीस पोचली असं कधी मानायचं ते सांगतं. त्यात शब्द आहेत बरोबर पत्ता, भरलेलं टपाल आणि 'रजिस्टर्ड पोस्ट'. तेव्हा नोटिशीला रजिस्ट्रेशन घ्या आणि पावतीवर ते नोंदलंय का, खिडकीवरच बघा.

खर्चाचा अंदाजही नव्याने मांडा. २० ग्रॅमच्या आतलं रजिस्टर्ड पत्र करासह २५ रुपये ९६ पैशांना जायचं. आता बाहेरगावचं रजिस्ट्रेशनसह ६१ रुपये ३६ पैसे. दोनशे थकबाकीदार धरले तर ५,१९२ च्या जागी १२,२७२ रुपये. वजनही सांभाळा. आपला नेहमीचा ए-फोर कागद, ८० जीएसएमचा, सुमारे ५ ग्रॅम भरतो. नोटिशीला दहा पानं जोडली की कागदच ५० ग्रॅम झाले, पाकीट वेगळं. मग ५१ ते २५० ग्रॅमचा दर लागतो, २०० किलोमीटरच्या आत ५९ आणि २०१ ते ५०० ला ६३. पाठपोट छापा, निम्मं वजन.

आता खरी डोकेदुखी, तुमची पत्त्यांची यादी. नव्या प्रणालीला यादी देताना नाव, पत्ता, गाव, पिनकोड, मोबाइल असं सगळं वेगवेगळ्या रकान्यांत लागतं. आपल्याकडे 'मु. पो. अमुक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी' हे एकाच चौकोनात असतं. त्याहून वाईट म्हणजे जुन्या संस्थांच्या सभासद याद्या श्रीलिपी, आकृती, योगेश असल्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या आहेत. तिथे पडद्यावर मराठी दिसतं, पण यंत्रात साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाँट काढला की नुसता कचरा. ती यादी आधी युनिकोडमध्ये आणायला हवी. बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, म्हणून माणसाने एकदा वाचायचंच. नंतर एक्सेलमधून सीएसव्ही करताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडा, नाहीतर वेळणेश्वराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येईल. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं मागे बसली आहेत, त्यांच्यासाठी हा एका रविवारचा प्रोजेक्ट आहे.

पिनकोड प्रत्येक नावापुढे हवाच. खेड म्हटलं तर कुठलं? आपल्या शेजारचं, ४१५७०९, की पुण्याजवळचं राजगुरुनगर, ४१०५०५? आणि ४१५ दिसलं म्हणजे रत्नागिरी असंही नाही, साताऱ्याचाही ४१५ च आहे. जाता जाता सांगतो, १९७२ च्या १५ ऑगस्टला आलेली ही पिनकोडची योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. त्या आडनावात आपल्या गावाचं नाव ऐकू येतं की नाही? मे २०२५ पासून 'डिजिपिन'ही आलाय. अक्षांश-रेखांशावरून काढलेला दहा अक्षरांचा संकेत, साधारण चार मीटरच्या चौकोनापर्यंत जागा दाखवतो. पिनकोड त्याने रद्द होत नाही. पण 'खालची वाडी, आंब्याजवळचं घर' असे पत्ते असलेल्या कोकणात एक रकाना त्याच्यासाठी आत्ताच ठेवावा.

बारकोडचं एक गणित सांगतो, फार उपयोगाचं आहे. पाकिटावरचा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो, सुरुवातीला ई एम सारखी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आय एन. नवव्या आकड्याला तपासणीचा आकडा म्हणतात. पहिल्या आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं आणि बेरीज करायची. समजा आकडे १२३४५६७८ आहेत. बेरीज होते २०४. तिला ११ ने भागलं की बाकी ६, आणि ११ मधून ६ गेले राहिले ५. नववा आकडा ५ असलाच पाहिजे. उत्तर १० आलं तर ० लिहायचं, ११ आलं तर ५. जावक रजिस्टरात हाताने उतरवलेला क्रमांक चुकला की पत्र कुठे आहे ते शोधता येत नाही. हे सूत्र एक्सेलमध्ये घातलंत तर चूक लिहितानाच कळते.

बदलाच्या पहिल्या आठवड्यात दोनशेचा गठ्ठा एकदम नेऊ नका. दहा पाकिटं आधी टाका, त्यांतलं एखादं मुंबईचं, एखादं वाडीतलं. ती पोचलेली ऑनलाइन दिसली की बाकीची. आधीच्या प्रणालीत बुक झालेल्या आणि अजून वाटेत असलेल्या पत्रांची वेगळी यादी ठेवा, नोंदी इकडून तिकडे जाताना तीच पत्रं हरवल्यासारखी दिसतात. आणि 'डिलिव्हर्ड' दिसलं की त्या पानाची छापील प्रत त्याच दिवशी फायलीत लावा. ती नोंद संकेतस्थळावर कायम राहील असं धरून चालू नका.

(श्रोत्यांमधून प्रश्न: आमच्या शाखा डाकघरात कधी कधी रेंजच नसते. मग काय करायचं?)

दोन-चार पाकिटं असतील तर पोस्टमास्तरांना विचारून दुसऱ्या दिवशी जा. ते आपलेच गाववाले असतात, त्यांच्यावर चिडून रेंज येत नाही. मोठा गठ्ठा मात्र गुहागरच्या पोस्टात आदल्या दिवशी फोन करून, सकाळी न्या. पाकिटं ठेवून 'संध्याकाळी पावत्या घेतो' असं म्हणून मुदतीच्या नोटिसांच्या बाबतीत तरी निघू नका. क्रमांक आणि तारीख असलेली प्रत्येकाची पावती हातात आल्याशिवाय ते टपाल टाकलंच नाही असं धरा.