ओठ आणि आवाज

भाच्याने बारावीनंतर व्हिडिओ एडिटिंग शिकायचे ठरवले, तेव्हा आपाचा फोन आला, "समजव त्याला." मी गेलो आणि त्याच्याच शेजारी बसून शिकू लागलो.

मोहल्ल्यातल्या मुलांचे दफवरचे गीत त्याने चार जागी चित्रित केले होते. ओठ आणि आवाज काही जुळेनात. चूक एडिटिंगची नव्हतीच. मुले दर वेळी नव्याने गात होती, लय थोडी इकडेतिकडे होत होती. मग गीत एकदाच नीट ध्वनिमुद्रित केले, तेच स्पीकरवर लावून मुलांना सोबत गायला लावले. मोबाइलच्या व्हिडिओत आलेला स्पीकरचा आवाज मूळ आवाजाशी जुळवला की ओठ जुळतात. नंतर मोबाइलचा आवाज बंद करायचा.

लय मिनिटाला १०० ठोक्यांची. म्हणजे एक ठोका ०.६ सेकंदाचा, सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर १८ फ्रेम. हा हिशेब त्याने तोंडी केला. गणितात नापास झालेला हाच मुलगा! प्रत्येक ठोक्यावर दृश्य बदलले तर डोळे शिणले. "मामू, चार ठोक्यांनी बदलू?" तो म्हणाला. ते जमले.

आपाने व्हिडिओ दोनदा पाहिला. क्लासच्या फीबद्दल अजून बोललेली नाही.