समजून घ्या : दोन वह्या असूनही न्यूयॉर्क बंदरातून १२ लाख डॉलर कसे गेले?

न्यूयॉर्क बंदराचा कलेक्टर सॅम्युअल स्वार्टवाउट १८३८ मध्ये पदावरून गेला आणि काही महिन्यांतच युरोपला रवाना झाला. मागे हिशेब तपासला, तर सुमारे १२ लाख २५ हजार डॉलरची तूट! असं होऊ नये म्हणून तर अमेरिकेने जवळपास ५० वर्षांपूर्वी बंदरांवर दुहेरी नोंदीची पद्धत बसवली होती. मग चुकलं कुठे?

कस्टम्स एवढं महत्त्वाचं का होतं?
१७८९ मध्ये नवं केंद्र सरकार कर्जात होतं आणि प्राप्तिकर अस्तित्वातच नव्हता. त्या जुलैमध्ये संसदेने आयात शुल्काचा आणि पाठोपाठ वसुलीचा कायदा केला. सुरुवातीच्या वर्षांत सरकारचं जवळपास ९० टक्के उत्पन्न याच शुल्कातून यायचं.

वसुली कशी व्हायची?
जहाज आलं की कप्तानाला मालाची यादी द्यावी लागे. मोठ्या बंदरांत तीन अधिकारी असत.

• कलेक्टर : शुल्क ठरवायचा, पैसे घ्यायचा.
• नेव्हल ऑफिसर : नावात 'नेव्हल' असलं तरी नौदलाशी संबंध नाही. यादीची प्रत याच्याकडेही येई. शुल्काची वेगळी नोंद ठेवणं आणि परवान्यांवर दुसरी सही करणं हे याचं काम.
• सर्व्हेयर : गोदीवर मोजमाप आणि वजन करणाऱ्यांवर देखरेख.

आज बँकेत एक कर्मचारी नोंद करतो, दुसरा मंजूर करतो. तीच ही कल्पना.

उधारीही चालायची?
हो. शुल्क ५० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर व्यापारी जामीनदारासह हमीपत्र लिहून देई आणि मालानुसार ४ ते १२ महिन्यांत पैसे भरी. त्यामुळे कलेक्टरच्या हाती रोख रकमेसोबत हमीपत्रांचे गठ्ठेही असत.

मग बिनसलं कुठे?
स्वार्टवाउटला १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी नेमलं होतं. टेक्सासमधल्या जमिनींच्या सट्ट्यात तो गुंतलेला होता. १८३९ मध्ये संसदीय समितीने अहवाल दिला. त्यात दोष एकट्या कलेक्टरवर नव्हता. नेव्हल ऑफिसरने कर्तव्यात कसूर केली आणि अर्थखात्याच्या हिशेब तपासनीसांनीही, असा ठपका समितीने ठेवला. म्हणजे नियम होते, माणसंही नेमलेली होती, पण ताळा घेणाऱ्यांनी तो घेतलाच नाही.

पुढे काय बदललं?
१८४२ च्या कायद्याने उधारी बंद झाली. शुल्क रोख भरणं सक्तीचं झालं.

थोडक्यात काय?
दुसरी सही कागदावर असून भागत नाही. सही करणाऱ्याने आकडा वाचलेला असावा लागतो.