बंबाला वाट

माझी सौ. धारवाडकडची. त्यामुळे आमच्या पांढुर्ण्याच्या घरात मुलांना 'आग' आणि 'बेंकी' दोन्ही शब्द येतात. 'अग्निशामक' तर मराठीत नि कन्नडात एकच. मे २०२५ मध्ये देशभर युद्धाच्या सरावाचे भोंगे वाजले, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या धाकट्याने विचारले, "अप्पा, बॉम्ब पडला तर अग्निशामकवाले काय करणार?"

मी त्याला मुंबईची गोष्ट सांगितली. १४ एप्रिल १९४४. महायुद्ध चालू. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके, शिवाय कापसाच्या हजारो गाठी. एका कप्प्यात तर खाली कापूस आणि वर स्फोटके! दुपारी कापसाने पेट घेतला. स्फोटकांच्या जहाजावर लाल बावटा हवा, तो नव्हता. बंबवाले जवळ उभे राहून दोनेक तास पाणी मारत राहिले. चारच्या सुमारास जहाज फुटले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. जपान्यांनी हल्ला केला असेच अनेकांना वाटले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच स्मरणार्थ.

दोन तास पाणी मारून आग कशी विझली नाही, हे मुंबईकराला नवल वाटेल; आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या कापूसवाल्याला वाटणार नाही. दाबलेल्या कापसाची आग वरून विझते, आत धुमसत राहते. गाठ फोडून पसरावी लागते.

नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा आहे. त्यातल्या स्वयंसेवकाचे काम ऐकायला साधे : दिवे मालवायला लावणे, वाळूच्या बादल्या भरून ठेवणे, जखमींना हलवणे आणि गर्दी हटवून बंबाला वाट करून देणे. यातले शेवटचेच आपल्याला जमत नाही.

मी शाळेत असताना सौंसरला एका नातलगाच्या घरी कापसाचा ढीग पेटला. सगळी आळी धावली. पाणी आणणारे चार, बघणारे चारशे. बंब आला, पण गल्लीत शिरता येईना. बैलगाड्या, सायकली, माणसे. जवानांनी पाइप खांद्यावर घेऊन पळत नेला, तोवर माळवद खाली आले होते. गोठ्यातली गाय गेली.

धाकट्याने विचारले, "तुम्ही काय करत होता?"

माझी सायकल गल्लीच्या तोंडाशीच उभी होती.